बर्फाला फुटला घाम

निळ्या पेटीचं झाकण उघडताच सिस्टरच्या लक्षात आलं की आतला बर्फ तिचा नाही. काल संध्याकाळी तिने भरला होता तो ओलसर, कडा झिजलेला. हा कोरडा ठणठणीत होता, बोट लावल्याबरोबर कातडी धरून ठेवणारा. तिने आतला थर्मामीटर काढून खिडकीपाशी नेला. पारा शून्याखाली चारवर होता.

"अहो!" तिने हाक मारली. मग आठवण होऊन नवऱ्याच्या, म्हणजे थोरल्याच्या, उजव्या बाजूला गेली आणि पुन्हा मारली. पुलावर फुटलेल्या गोळ्याने थोरल्याचा डावा कान नेला, तेव्हापासून त्याला हाक कुठून मारायची याचा घरादाराला सराव झाला होता. "या पेटीला रात्रीतून कोणी हात लावला?"

"मी नाही बुवा. मी जनरेटरपाशी होतो."

"मग बर्फ आपोआप बदलला?"

या घरात 'सिस्टर' ही पदवी होती. ती लग्न होऊन आली तेव्हा सूनबाई होती, पुढे वहिनी, काकू, आई अशी बरीच काही झाली. पण दीड वर्षापूर्वी दवाखान्याचे दोन मजले कोसळले आणि ती उरलेल्या तळघरात एकटीने बाळंतपणं करू लागली, तेव्हापासून सख्खा सासराही तिला सिस्टर म्हणायचा. सूनबाई म्हणायचा तो फक्त रागावल्यावर.

तो सासरा, आबा, आतल्या खोलीतून मफलर गुंडाळत बाहेर आला. धुराने त्याची छाती भाता झाली होती. चार पावलं चालला की शीळ वाजायची. मागोमाग त्याची धाकटी बहीण आली. तिला अख्खी पेठ आत्या म्हणायची. आत्या रक्तदाबाची एक गोळी सुरीने चार ठिकाणी कापून चार दिवस पुरवायची, आणि कोणी काळजी केली तर सांगायची, "माझा दाब वाढतो तो तुमच्यामुळे. तुम्ही नीट वागा, औषध आपोआप पुरेल."

"मी बदलला बर्फ," आबा म्हणाला. आवाजात अपराधीपणा तर नव्हताच, उलट थोडी मिजास होती. "पहाटे उठून बघतो तर काय, तू ठेवलेला बर्फ घामेजलेला! पाणी सुटलेलं. म्हटलं, पोरगी दमली होती, कुठलातरी उरलेला भरला असेल. मी लादीच्या गाभ्यातला काढून भरला. एक नंबरचा. बारा तास थेंब सुटणार नाही."

सिस्टरने पेटीतली एक लशीची बाटली काढली, खोक्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलेली दुसरी काढली, दोन्ही एकदम खळखळ हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, पेटीतली डावीकडे, फ्रीजमधली उजवीकडे.

"आता पंधरा मिनिटं कोणी टेबलाला धक्का लावू नका," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

लढाई सुरू झाल्यापासून हे कुटुंब बर्फाच्या कारखान्याच्या कचेरीतच राहत होतं. घराला छप्पर नव्हतं आणि कारखान्याच्या भिंती हातभर जाड होत्या. त्या भिंतींच्या आत चार माणसं आता दोन इवल्याशा बाटल्यांकडे टक लावून बसली. दोन्हींतलं औषध पाणी घातलेल्या दुधासारखं गढूळ होतं. पाच मिनिटं झाली. मग डावीकडच्या बाटलीत तळाशी काहीतरी जमू लागलं. बारीक पांढरे कण, एकावर एक बसत चाललेले. वरचं पाणी निवळत गेलं. उजवीकडची बाटली होती तशीच गढूळ राहिली.

"गेली," सिस्टर म्हणाली.

"कोण गेली?" आत्याने विचारलं.

"पेटी गेली, आत्या. पंचवीस बाटल्या. अडीचशे पोरांचा डोस. ही घटसर्पाची लस. ऊन लागलं तर खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण गोठली तर त्याहून वाईट. ती मरते, आणि मेलीय हे दिसतही नाही. मी हलवून बघितलं नसतं तर आज पुलापलीकडे जाऊन अडीचशे पोरांना सुया टोचून आले असते. आणि सगळे निर्धास्त झाले असते."

आबा बाटलीकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला आणि शीळ वाजत असलेल्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "पण बर्फ तर चांगला होता."

"फार चांगला होता, आबा. तेच तर. शून्याच्या खूप खाली गेलेला बर्फ बाटलीलाही खाली ओढतो. घाम फुटलेला बर्फ शून्यावर थांबतो. मला काल मुद्दाम घामेजलेला हवा होता."

हे ऐकून आबाला जे झालं ते समजायला त्याच्या बापाची गोष्ट माहीत हवी, आणि या घरात ती सगळ्यांना पाठ होती. बापाने कारखाना काढला तेव्हा दारावर एकच नियम रंगवून घेतला होता: घामेजलेला बर्फ या दाराबाहेर जाणार नाही. ज्याला पाणी सुटलं तो वितळायला लागला, आणि वितळायला लागलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं म्हणजे चोरी. आबाने साठ वर्षं तो नियम पाळला. लादीवर तळवा ठेवून, घाम यायला किती वेळ आहे हे तो मिनिटावर सांगायचा.

आणि गेली दोन वर्षं तो कोणासाठी पाळत होता, हे आबा कोणाला सांगत नव्हता. मासळीबाजार बंद पडला, लग्नकार्यं बंद पडली. त्याच्या लाद्या दवाखान्याच्या मागच्या दाराने जात होत्या. ज्यांना पुरायला जागा आणि सवड मिळत नव्हती त्यांच्यासाठी. दोन वर्षं त्याने मेलेल्यांना थंड ठेवलं होतं. काल दुपारी मदतीच्या गाडीतून दोन निळ्या पेट्या उतरल्या आणि सून म्हणाली, आबा, पोरांच्या औषधाला बर्फ लागेल, तेव्हा म्हातारा रात्रभर झोपला नाही. जिवंत माणसांसाठी कोणीतरी बर्फ मागितला होता. द्यायचा तर सर्वांत चांगलाच द्यायचा, एवढंच त्याला सुचलं.

"करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"रडायला नंतर भरपूर वेळ आहे, दादा," आत्या म्हणाली. बोलणं तिखट, पण हात भावाच्या पाठीवर गेला होता. "दुसरी पेटी आहे ना, सिस्टर? फ्रीजमधली?"

घोडं नेमकं इथेच अडलं.

दुसरी पेटी होती. पण ती अलीकडच्या पोरांची होती. नदीच्या या बाजूला, दवाखान्याच्या तळघरात, उद्यापासून द्यायची. त्या पोरांत थोरल्याची आणि सिस्टरची दोन वर्षांची मुलगीही होती. घरात तिला लुडबुडी म्हणत. लढाईच्या गडबडीत तिचा एकही डोस झालेला नव्हता.

पलीकडे या महिन्यात घटसर्पाने अकरा पोरं गेली होती. घशात राखाडी पडदा धरतो, मान सुजते आणि श्वास कोंडतो. शिकलेल्या डॉक्टरांनीही जो आजार पुस्तकातच वाचला होता, तो पाणी, लस आणि दवाखाना तिन्ही बंद पडल्यावर परत आला होता. गोळीने गेलेल्यांची यादी दोन्ही बाजू रेडिओवर वाचायच्या. या अकरांची यादी कोणी वाचली नव्हती. त्यांच्यासाठी मदतवाल्यांनी महिनाभर खेटे घातले, तेव्हा आज दहा ते एक अशी तीन तासांची शांतता मिळाली होती. पूल तीन तास उघडा. दोघांना जायला परवानगी. एक नर्स, एक गाडी ओढणारा.

"दुसरी पेटी पलीकडे न्यायची," सिस्टर म्हणाली.

"नाही," थोरला म्हणाला.

"ऐकून तर घ्या."

"ऐकलं. नीट ऐकलं, उजव्या कानाने. आपल्या पोरीचा डोस उचलायचा आणि त्याच्या दारात नेऊन द्यायचा. नाही."

'तो' म्हणजे धाकटा, थोरल्याचा भाऊ. पलीकडच्या शाळेत मास्तर. पूल बंद व्हायच्या दिवशी थोरला हातगाडी घेऊन पुलावर दोन तास उभा राहिला होता, भावाला, भावजयीला आणि त्यांच्या चिमणीला अलीकडे आणायला. धाकटा आलाच नाही. त्या दोन तासांतच तो गोळा पडला. दीड वर्ष झालं, थोरल्याने भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"आपल्याकडे अजून एकही रुग्ण नाही," सिस्टर म्हणाली. "आपल्याकडे रस्ता उघडा आहे. गाडी आठ-दहा दिवसांनी पुन्हा येईल. पलीकडे आजच्या तीन तासांनंतर कधी जायला मिळेल हे देवालाही माहीत नाही."

"आणि गाडी नाही आली तर? त्या आठ दिवसांत लुडबुडीचा घसा धरला तर? मग मी कोणाचं तोंड बघू?"

"माझं," ती म्हणाली. "माझं बघा. मी तिची आई आहे. मला काय वाटत नसेल?" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला वाटतं मी फार धीराची आहे. मला भीतीने रात्री झोप येत नाही. रोज उठल्यावर मी आधी तिच्या घशात टॉर्च मारून बघते. तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तेव्हा जनरेटरपाशी असता. पण तिकडे अडीचशे आया टॉर्चशिवाय तेच करत असतील."

थोरल्याने आत्याकडे पाहिलं. आत्या नेहमी त्याच्या बाजूने असायची. लहानपणापासून थोरला आत्याचा आणि धाकटा आबाचा, अशी घराची वाटणी होती.

"माझ्याकडे बघू नकोस," आत्या म्हणाली. "यावेळी मी तिच्या पक्षात."

"तू पण?"

"हो, मी पण. दादा, सांगतोस की मी सांगू?"

आबा मान खाली घालून बसला होता. "तूच सांग."

"आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो," आत्या म्हणाली. "मधला एक होता. चार वर्षांचा. यानेच गेला, याच घटसर्पाने. आमच्या बापाने त्याच्या मानेवर बर्फ ठेवला होता, रात्रभर बदलत होता. सगळ्या गावाला बर्फ पुरवणारा माणूस, त्याच्याकडे पोराला द्यायला तेवढंच होतं. तेव्हा लस आमच्यापर्यंत पोचली नव्हती, बाबा. आज पोचलीय. टेबलावर आहे. तू माझ्या मांडीवर वाढलास म्हणून सांगते. भावावर रागाव, हवं तितकं रागाव, पण त्यासाठी पोरं वापरू नकोस."

बाहेर जनरेटर धडधडत होता. थोरला उठला, फ्रीजपाशी गेला, दार उघडून आतल्या खोक्यांकडे पाहत राहिला आणि दार पुन्हा लावलं.

"गाडी मीच ओढणार ना?" तो म्हणाला. "मग बोलत काय बसलोय? साडेसात वाजले."

आता खरी पंचाईत सुरू झाली. कारखान्यात होता नव्हता तेवढा बर्फ अजून साच्यांतच होता, मिठाच्या पाण्यात बुडवलेला, शून्याखाली दहावर. घामेजलेला तुकडा औषधालाही शिल्लक नव्हता. सिस्टरने काल तयार केलेला आबाने पहाटे मोरीत ओतला होता. आणि सकाळ अशी कडाक्याची थंड होती की तोंडातून वाफ निघत होती. दहा वाजेपर्यंत बर्फाला घाम फोडायचा होता.

"आबा," सिस्टर म्हणाली, "पेटी तुम्ही भरायची."

"मी? एवढं करून ठेवल्यावर?"

"एक थर्मामीटर पेटीत जाणार. बाहेरच्या बर्फाला तो पुरायचा नाही. नुसता वरून ओला झाला आणि गाभा तसाच राहिला तर पुन्हा तेच होणार. लादी आतपर्यंत शून्यावर आली की नाही हे तळवा ठेवून सांगणारा या गावात एकच माणूस आहे. साठ वर्षं तुम्ही घाम येऊ नये म्हणून पहारा केलात. आज यावा म्हणून करा."

आबाने सुनेकडे पाहिलं. मग मफलर काढून खुंटीला लावला, बाह्या दुमडल्या आणि थोरल्यावर ओरडला, "बघतोस काय? लादी काढ! मुठीएवढे तुकडे कर, मोठे नकोत! " मग बहिणीकडे वळला, "चिंगे, भुसा झाड तिथला, बर्फ उघडा पडू दे!"

पुढचे दोन तास त्या कारखान्यात जे चाललं ते बापाने वरून पाहिलं असतं तर पुन्हा मेला असता. लाद्या फोडून तुकडे फरशीवर पसरले. त्यांच्यावर नळाचं पाणी शिंपडलं. पूर्वेच्या खिडकीत उन्हाची एक तिरीप आली, तेव्हा आत्याने चार ताटं भरून तिथे नेऊन ठेवली आणि ऊन सरकेल तशी ताटं सरकवत राहिली. "लहान पोरांना कोवळ्या उन्हात बसवतात तसं चाललंय," ती म्हणाली. थोरल्याने चुलीवरचं आधण आणून खोलीच्या कोपऱ्यात उघडं ठेवलं, वाफ व्हावी म्हणून. लुडबुडी उठून आली आणि दोन्ही हातांत एकेक तुकडा धरून नाचू लागली, तर एरवी बर्फाला हात लावला म्हणून धपाटा घालणारा आबा म्हणाला, "धर, धर, घट्ट धर. तुझ्या हातांना आज मजुरी आहे."

सिस्टर हसली. दीड वर्षात ती एवढी हसली नव्हती. हसता हसता तिने घड्याळ पाहिलं आणि हसू थांबलं. नऊ वाजून दहा.

"आबा?"

आबा डोळे मिटून एक तुकडा तळव्यावर तोलत होता. त्याने तो कानाशी नेला. "थांब. वरवरचा ओला आहे. आत अजून कडकडतोय."

नऊ पस्तीस. "आबा, निघायला हवं."

"थांब म्हटलं ना, सूनबाई."

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी आबाने हातातला तुकडा मधोमध फोडला. आत पांढरं काही उरलं नव्हतं. तुटलेल्या कडेवरून पाणी ओघळलं आणि मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. त्याने ते पुसलं नाही. "झाला," तो म्हणाला. "आता भर. बाजूंना बर्फ, मध्ये पुठ्ठा, आत बाटल्या. मी भरतो. तू नुसतं सांग."

पुलावर अलीकडच्या चौकीपाशी शिपायाने हातगाडी अडवली. थोरल्याच्या पाठीला घाम होता आणि डाव्या बाजूने कोण काय बोलतंय ते त्याला कळत नव्हतं. सिस्टरने कागद दाखवला. शिपायाने पेटी उघडायला लावली, आत हात घातला आणि ओला हात बाहेर काढून खदखदून हसला.

"अहो, तुमचा बर्फ तर वितळायला लागला! हा काय पोचणार?"

साठ वर्षांच्या त्या घराण्याची इज्जत भर पुलावर निघाली होती. थोरल्याने छाती पुढे काढली. "वितळायलाच हवा," तो म्हणाला. "आमच्या आबांनी वितळवलाय. झाकण लावा पटकन."

पुलाच्या मध्यावर, जिथे कठडा उडालेला होता, तिथे तो क्षणभर थांबला. सिस्टरला कारण माहीत होतं. गाडीचा एक दांडा तिने धरला आणि दोघांनी मिळून गाडी पुढे ओढली.

पलीकडे धाकटा शाळेच्या पायऱ्यांवर सकाळी आठपासून उभा होता. हातात हजेरीची वही होती. वर्ग भरून दीड वर्ष झालं होतं, पण हजेरी त्याने सोडली नव्हती. घरोघर फिरून त्याने नावं लिहिली होती, कोण जिवंत, कोण आजारी, कोण निघून गेलं. अकरा नावांपुढे त्याने काहीच लिहिलं नव्हतं. अंगणात दोनशे एक्केचाळीस पोरं आयांच्या पदराला धरून उभी होती. त्यात त्याची चिमणीही होती. दहा वाजून गेले, सव्वादहा झाले, तसे लोक त्याच्याकडे बघू लागले. मास्तर, येतील ना? येतील, तो म्हणत होता. मनात मात्र येत होतं, की मी तरी कुठे गेलो होतो त्या दिवशी, मग ते कशाला येतील?

मग कोपऱ्यावरून हातगाडीची चाकं वाजली.

पेटी पायरीवर आली. सिस्टरने थर्मामीटर काढला. पलीकडची दाई, दोन शिक्षिका, अंगणभरची माणसं, सगळी पुढे सरकली. लस सांभाळण्यातलं कोणाला काही कळत नव्हतं, पण या बाईचा चेहरा ही आपली बातमी आहे एवढं सगळ्यांना कळत होतं.

"तीन," ती म्हणाली. आणि मग ओरडूनच म्हणाली, "शून्याच्या वर तीन! बोलवा पोरांना!"

पहिल्या पोराची बाही वर गेली. दुसऱ्या टेबलावर दाईने सुरू केलं. धाकटा नावं वाचू लागला. वाचता वाचता त्याच्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं, आणि न बघताही त्याला कळलं कोण ते.

"भाऊ," तो हळूच म्हणाला. "मी त्या दिवशी आलो नाही."

थोरला समोर बघत राहिला.

"सदतीस पोरं होती शाळेत. गोळे सुरू झाले. त्यांना तळघरात सोडून पुलावर कसा येऊ? संध्याकाळी कळलं की तू थांबला होतास. तुझा कान... भाऊ, मी रोज..." थोरल्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. धाकट्याने वही मिटली. "बरोबर आहे तुझं. नको बोलूस."

"काय म्हणतोयस?" थोरला त्याच्याकडे वळून म्हणाला. "या बाजूने मला काही ऐकू येत नाही, गाढवा. इकडून ये."

धाकटा वळसा घालून उजव्या बाजूला आला. आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, कारण सांगायचं होतं ते तेवढंच होतं. थोरल्याने ऐकलं. सदतीस पोरं ऐकली, तळघर ऐकलं. मग त्याच्या हातातली वही घेतली.

"तुझा आवाज बसलाय, मास्तर," तो म्हणाला. "नावं मी वाचतो. तू चिमणीला रांगेत उभी कर."

नदीच्या अलीकडच्या काठावर, वाळूच्या पोत्यांच्या आड, आबा आणि आत्या एका बाकावर बसून होते. या काठावर बसायला दीड वर्षात कोणी धजावलं नव्हतं. बंदुका गप्प होत्या, पाण्याचा आवाज येत होता. लुडबुडी त्यांच्यामध्ये पाय हलवत बसली होती. तिच्या लशीची गाडी पुढे अकराव्या दिवशी आली आणि सुई टोचताना तिने आईच्या हाताला चावा घेतला, पण ते आज कोणाला माहीत नव्हतं.

"पोचले असतील?" आत्याने चौथ्यांदा विचारलं.

"पोचले असतील."

"बर्फ टिकला असेल?"

आयुष्यात पहिल्यांदा आबाला आपल्या बर्फाविषयी काही सांगता येत नव्हतं. तो नुसता पलीकडच्या छपरांकडे बघत होता. शाळा दिसत नव्हती. काहीच कळायला मार्ग नव्हता.

आणि मग आलं. आधी एकाचं, बारीक. आत्याने मान वर केली. मग दुसऱ्याचं, मग चार-पाचांचं एकदम, मग एकाचं बघून दुसऱ्याने काढलेलं भोकाड, आणि पाण्यावरून, पडक्या भिंतींवरून, अख्ख्या पलीकडच्या गावाचा कोलाहल या काठावर येऊन आदळू लागला. लुडबुडीने कानांवर हात ठेवले.

"रडतायत," आत्या म्हणाली. तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "ऐकलंस, दादा? सगळी रडतायत."

आबा उठून उभा राहिला. पोत्यांच्या वर त्याचं डोकं आलं तरी त्याला पर्वा नव्हती. छातीत शीळ वाजत होती, आणि तो हसत होता, तोंड उघडून, लहान पोरासारखा.

"रडू दे," तो म्हणाला. "रडू दे गं चिंगे, अजून मोठ्याने रडू दे. घसे मोकळे आहेत त्यांचे!"